मागच्या उतारावरचं जंगल आणि त्याचा ताळेबंद

आमची सोसायटी ठाण्यात घोडबंदर रोडला, येऊरच्या डोंगराच्या अगदी पायथ्याशी. चार विंग, दीडशेच्या वर घरं. मागे उतारावर सोसायटीच्याच प्लॉटमधली दोन एकरांना थोडी कमी अशी जागा आहे, जिच्यावर बिल्डिंग झाल्यापासून म्हणजे १९९८ पासून कुणी म्हणून काही केलेलं नाही, ना बाग, ना क्लब हाऊस, ना मंदिर (मंदिराचा प्रस्ताव दोनदा येऊन गेला, ते सोडा). बिल्डरला तो उतार कापणं परवडलं नसावं आणि नंतरच्या कमिट्यांकडे पैसे नव्हते, एवढंच कारण. त्यामुळे आज तिथे ऐन, पळस, कुंभा, मोहाची दोन झाडं, काटेसावर, सागाची पोरं, कारवी, आणि कडेकडेने भरपूर घाणेरी आणि उंदीरमारी असं सगळं माजलंय.

मी सोसायटीचा खजिनदार. आयुष्यभर अकाउंट्समधे गेलेला माणूस, आंबा आणि नारळ सोडून झाडातलं काही कळत नव्हतं. तरी हे लिहून काढतोय कारण आजूबाजूच्या दोन-तीन सोसायट्यांमधून विचारणा झाली की तुम्ही नक्की काय केलं आणि फुकटचे पैसे का नाकारले, आणि दर वेळी लिफ्टसमोर उभं राहून तुकड्या तुकड्यात सांगायचा कंटाळा आला.

तर प्रस्ताव असा होता. एका कंपनीचा सीएसआरचा, म्हणजे सामाजिक कामासाठी ठेवलेला निधी, त्यांच्यातर्फे एक कन्सल्टंट आला, लॅपटॉप लावून प्रेझेंटेशन दिलं. उतारावरची 'निरुपयोगी झाडी' जेसीबीने साफ करायची, सपाटीच्या दहा गुंठ्यांत मियावाकी पद्धतीने, म्हणजे छोट्या जागेत अगदी दाटीने, १२०० रोपं लावायची, बाकीच्या जागेत वॉकिंग ट्रॅक, बाकडी, लॉन. गेटवर पाटी, की या प्रकल्पाने अमुक टन कार्बन शोषला. सोसायटीचा खर्च शून्य. खर्च शून्य म्हटल्यावर मीटिंगमधे अर्धे हात तिथेच वर झाले, माझाही झाला होता, खोटं कशाला बोलू.

वर लोकांची कारणं तयार होतीच. साप निघतात, डास होतात, बिबट्या येतो. बिबट्या येतो हे खरंय, पार्किंगच्या सीसीटीव्हीत दिसलाय, पण पलीकडे राष्ट्रीय उद्यान आहे, शंभराहून जास्त चौरस किलोमीटरचं, तो तिथून येणारच, आणि येतो तो आमच्या कचऱ्याभोवती जमणाऱ्या कुत्र्यांसाठी. लॉन केलं तर कुत्रे त्याला उलट लांबून दिसतील.

अडवलं ते माझ्या भाचीने. ती वनस्पतीशास्त्रात एमएस्सी करते, रविवारी जेवायला आली होती, प्रस्तावाची फाईल चाळली आणि म्हणाली, "मामा, तू बँकेचं स्टेटमेंट न बघता कधी चेकवर सही करतोस का? मग इथे आधी शिल्लक किती आहे ते न बघताच साफ करायला निघालात?"

हे मला लागलं. कारण मुद्दा माझ्या धंद्यातला होता. त्या प्रेझेंटेशनमधे सगळी आवक होती, शिल्लक कुठेच नव्हती. रोपं दरवर्षी किती कार्बन घेतील याचा तक्ता होता पण आज उभी असलेली झाडं किती धरून बसलीत आणि ती काढली की त्याचं काय होतं याची एक ओळ नाही. असा ताळेबंद कुठल्याही ऑडिटरसमोर टिकला नसता.

मोजणी

डिसेंबरमधल्या एका रविवारी आम्ही चौघं वर गेलो. मी, भाची, सेक्रेटरी (याला खात्री करून घ्यायची होती की आम्ही आकडे फुगवत नाही) आणि येऊरच्या एका पाड्यावरचे एक काका जे आमच्याकडे माळीकाम बघतात. झाडांची नावं सगळी त्यांनीच सांगितली, भाचीसुद्धा दोनदा चुकली आणि त्यांनी साल खरवडून दाखवल्यावर गप्प बसली.

पद्धत सोपी आहे, कुणालाही जमेल. ३१.६२ मीटर बाय ३१.६२ मीटरचा चौकोन आखायचा, तो बरोबर ०.१ हेक्टर होतो. आपल्याकडे भारतीय वन सर्वेक्षणाचे लोकही ०.१ हेक्टरचे चौकोन घेऊन मोजतात. मग आतल्या प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, टेपने घेर घ्यायचा. उंचीसाठी मोबाईलवर कोन मोजायचं अ‍ॅप. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास. २०१४ साली प्रसिद्ध झालेलं एक सूत्र उष्ण कटिबंधातल्या झाडांसाठी सगळीकडे वापरतात, त्यात लाकडाची घनता, व्यासाचा वर्ग आणि उंची यांचा गुणाकार करतात, त्याला ०.९७६ चा घात लावतात आणि ०.०६७३ ने गुणतात, की जमिनीवरच्या भागाचं कोरडं वजन किलोत मिळतं. मुळांसाठी साधारण पाव भाग वर धरायचा, आम्ही २६ टक्के धरला. या सगळ्याचा ४७ टक्के भाग कार्बन. आणि कार्बनचा कार्बन डायऑक्साइड करायचा तर ३.६७ ने गुणायचं, कारण कार्बनच्या १२ वजनाला ऑक्सिजन चिकटून ४४ होतात.

एक्सेल शीट मी घरी बनवली. खरं सांगतो, इतकी वर्षं शीट बनवली पण असली मजा आली नव्हती.

उताराच्या मधोमध एक जुना ऐन आहे, बिल्डिंगच्या कितीतरी आधीचा, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल. घेर १६० सेंटीमीटर, उंची १६ मीटरच्या आसपास, घनता ०.७३ धरली. त्याचं जमिनीवरचं कोरडं वजन भरलं १५९० किलो, मुळांसकट २००० च्या आसपास, त्यात कार्बन ९४० किलो. कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत जवळपास साडेतीन टन. एक झाड! आता शेजारचंच एक तरणं झाड घेतलं, घेर ३० सेंटीमीटर, उंची ७ मीटर, घनता ०.६. तर त्याचा कार्बन डायऑक्साइड आला ४८ किलो. म्हणजे घेरात फरक पाचपटीचा पण साठ्यात फरक सत्तरपटीचा. सेक्रेटरीने मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर स्वतः परत करून बघितलं. तेच उत्तर.

आख्ख्या चौकोनाची बेरीज आली १७ टन कार्बन डायऑक्साइडच्या आसपास आणि त्यातला निम्म्याहून जास्त वाटा फक्त चार जुन्या झाडांचा. मी लगेच आठने गुणायला निघालो कारण उतार साधारण ०.८ हेक्टर आहे, तर भाचीने हात धरला. म्हणाली, आपण चौकोन मोठी झाडं बघून टाकलाय, बाकी उतारावर अर्धी घाणेरी आहे, असं गुणलंस तर त्या कन्सल्टंटमधे आणि तुझ्यात फरक काय. बरोबर होतं. मग आम्ही १७ हा आकडा त्या एका चौकोनापुरताच ठेवला.

सेक्रेटरीचा डाव

आमचा सेक्रेटरी बोलायला कडक आहे पण डोकं चालतं. पुढच्या कमिटी मीटिंगला त्याने कागद काढला. "खजिनदार साहेब, तुमच्याच शीटप्रमाणे ३० सेंटीमीटर घेराच्या झाडात ४८ किलो. गुणिले १२००. झाले ५८ टन. तेही दहा गुंठ्यांत, म्हणजे तुमच्या चौकोनाएवढ्याच जागेत. तुमचे १७. मग कुठलं जंगल चांगलं?"

मी गार. दोन दिवस उत्तर सुचलं नाही.

उत्तर झाडात नाही, जमिनीत आहे, म्हणजे क्षेत्रफळात. दहा गुंठे म्हणजे साधारण हजार चौरस मीटर, त्यात १२०० झाडं म्हणजे एका झाडाला एक मीटर बाय एक मीटरसुद्धा जागा नाही. रोप असताना बसतात, पण सगळ्यांचाच घेर ३० व्हायला ऊन, पाणी आणि मुळांना जागा कुठून आणणार, सकाळच्या ८:२० च्या ठाणे लोकलसारखं आहे ते, चढतात सगळे पण हातपाय पसरायला कुणालाच मिळत नाही. दाट लावणीत झाडं एकमेकांना मारतात, वर जाणारी जातात, बाकीची सुकतात, हा निसर्गनियम आहे, लावणाऱ्याचा दोष नाही. समजा ४०० तगली आणि त्या घेराची झाली तर १९ टन. म्हणजे कित्येक वर्षांनी, पाणी मिळालं, वणवा लागला नाही, कमिटी बदलली तरी कुणी लक्ष ठेवलं, असं सगळं जुळून आलं तर आपण आज जिथे आहोत तिथेच परत येऊन पोचणार. त्यासाठी आधी आहे ते पाडायचं.

मियावाकी पद्धत वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. अकिरा मियावाकी हे जपानी शास्त्रज्ञ, २०२१ मधे वारले, त्यांचा सगळा भर त्या त्या जागेची मूळची झाडं परत आणण्यावर होता, उजाड, बिघडलेल्या जमिनीवर. उभं जंगल पाडून तिथे जंगल लावा असं त्यांनी कुठे सांगितल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

आणि मातीचा हिशोब तर अजून केलाच नव्हता. जंगलाचा कार्बन पाच खात्यांत असतो: जमिनीवरचं झाड, मुळं, वठलेलं लाकूड, पातेरा म्हणजे गळलेला पाला, आणि माती. आपल्या देशाच्या जंगलांचा जो एकूण साठा वन सर्वेक्षणाने २०२१ च्या अहवालात दिलाय, ७२० कोटी टन कार्बन, त्यातला निम्म्याहून जास्त मातीत आहे. झाडात नाही, मातीत! आणि मियावाकीसाठी पहिलं काम काय, तर जेसीबीने मीटरभर माती उकरून उलटीपालटी करायची. उकरलेल्या मातीला हवा लागली की आतला कुजका भाग पटापट विघटित होऊन कार्बन डायऑक्साइड होऊन जातो, आणि उरलेली माती आमच्याकडे जुलैत पार्किंगमधे येते. उतारावर, ठाण्याच्या पावसात, उघडी माती. २००५ चा पाऊस बघितलेल्या माणसाला हे समजवायला लागत नाही, ए विंगच्या आजींनी एका वाक्यात संपवलं: "डोंगर सोलाल तर तो खाली येईल."

तौक्ते वादळाच्या वेळी, मे २०२१ मधे, पडलेला एक मोठा पांगारा अजून तिथे आडवा आहे. कन्सल्टंटच्या यादीत तो 'कचरा'. वास्तविक तो वाळवी आणि बुरशी खात खात संपवायला कित्येक वर्षं घेतील, तोवर त्यातला कार्बन हळूहळू काही हवेत, काही मातीत जाणार. तोच उचलून भट्टीला दिला असता तर एका दुपारचं काम.

डी विंगमधे एक निवृत्त काँट्रॅक्टर काका आहेत, त्यांनी चांगला मुद्दा काढला. लाकडाचं फर्निचर केलं तर कार्बन त्यातच राहतो की, आणि जागा मोकळी होऊन नवीन झाडं जोरात वाढतात, मग जुनं ठेवायचं कशाला? युरोपात यावर खरंच मोठे वाद चालतात, लाकूड काढणारं जंगल बरं की न छेडलेलं. काकांचं अर्धं बरोबर आहे. पण झाडाचं फळीत रूपांतर होतं ते फक्त सरळ खोडाच्या काही भागाचं. फांद्या, पाला, साल, मुळं, भुसा हे सगळं काही वर्षांत हवेत जातं. आणि आमचा वाकडातिकडा ऐन आणि कुंभा कुठल्या वखारीत जाऊन कपाट बनणार होता? सरळ जळणात गेला असता.

आमच्या बाजूची भोकं

आता आमच्या बाजूच्या लंगड्या गोष्टी, कारण एजीएममधे त्या कुणीतरी काढणारच होतं, मग आपणच काढलेल्या बऱ्या.

पहिली म्हणजे जुनं जंगल कायम कार्बन घेत राहतं का. १९६९ च्या सुमारास युजीन ओडम या अमेरिकन परिसंस्था-शास्त्रज्ञाने मांडलं होतं की जंगल पिकलं की आवक-जावक सारखी होते, जमा शून्य. २००८ मधे 'नेचर'मधे एक मोठा अभ्यास आला की नाही, १५ ते ८०० वर्षं वयाची बहुतेक जंगलं अजून जमा करतायत. मग २०२१ मधे त्याच नियतकालिकात दुसऱ्यांनी दाखवलं की तो आकडा जास्त धरला गेला होता. म्हणजे भांडण मिटलेलं नाही. शिवाय ती मोजणी मुख्यतः थंड प्रदेशांतल्या जंगलांची, येऊरला जशीच्या तशी लावता येत नाही. पण आमच्या बाबतीत हे भांडण तसं गैरलागू आहे कारण आमचा उतार म्हातारा नाहीच, चार झाडं सोडली तर सगळं पंचवीसेक वर्षांतलं आपोआप उगवलेलं आहे. लॅटिन अमेरिकेतल्या अशा परत उगवलेल्या जंगलांचा २०१६ चा अभ्यास सांगतो की पहिल्या वीस वर्षांत ती जुन्या जंगलाच्या सरासरी अकरा पट वेगाने कार्बन घेतात. म्हणजे 'नवीन लावलं की जोरात वाढतं' हा जो फायदा कन्सल्टंट विकत होता तो आम्हाला आधीच फुकट मिळत होता, रोप न लावता.

दुसरी गोष्ट जास्त बोचरी. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. माझा तो लाडका ऐन, साडेतीन टनांचा, म्हणजे १५०० लिटर पेट्रोल. माझी गाडी लिटरला १५ देते, म्हणजे साडेबावीस हजार किलोमीटर. ऐनाने जन्मभर जे जमवलं ते मी दोन-अडीच वर्षांत ठाणे-अंधेरी करून उडवतो. आणि आख्ख्या चौकोनाचे १७ टन? आमच्या पार्किंगमधे १४० गाड्या आहेत, गाडीमागे महिन्याला ४० लिटर धरले तर जेमतेम चाळीस दिवस. मी हे एजीएमला मोठ्याने वाचलं तेव्हा हॉलमधे शांतता झाली, मग कुणीतरी मागून म्हणालं, "मग कशाला एवढा खटाटोप, कापून टाका." लोक हसले. पण मुद्दा उलटा आहे ना. उताराच्या जिवावर आपलं पेट्रोल फिटत नाही हे खरं, त्यामुळे 'आमची सोसायटी कार्बन न्यूट्रल' अशी पाटी लावायला आपल्याला तोंड नाही. पण तो कापला तर पेट्रोलच्या वर हे अजून १७ टन जातील, शिवाय मातीतलं वेगळं. एफडी मोडून घरखर्च भागत नाही म्हणून कुणी एफडी जाळत नाही.

याच कारणासाठी कार्बन क्रेडिटचा, म्हणजे साठवलेला कार्बन दाखवून कंपन्यांना प्रमाणपत्रं विकण्याचा, विषयही आम्ही बंद केला. एकाने चौकशी केली होती, की ठेवलंच आहे तर विकूया. पण क्रेडिट मिळतं ते तुमच्यामुळे जास्तीचं काहीतरी झालं तर. जे जंगल तसंही उभं राहणार होतं त्याचे पैसे घेऊन कुणालातरी धूर सोडायची मुभा द्यायची म्हणजे हवेत भरच. सरकारच्या ग्रीन क्रेडिटची योजना ऑक्टोबर २०२३ मधे आली, तिच्या सुरुवातीच्या नियमांत तर एका झाडाला एक क्रेडिट आणि हेक्टरी किमान ११०० झाडं असं होतं. परत नगावर हिशोब! घेर नाही, माती नाही, नग. महाराष्ट्रात आपण २०१६ ला २ कोटी, मग ४ कोटी, १३ कोटी, ३३ कोटी अशा लागवडी बघितल्या, नग मोजायची सवय काही जात नाही.

ठराव आणि नंतर

एजीएममधे शेवटी जो ठराव झाला तो कुणालाच पूर्ण आवडला नाही. उतार जसा आहे तसा राहणार. झाड तोडायचं तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागलीच असती, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरचं झाड हेरिटेज धरलं जातं, तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची, ही माहिती वकील असलेल्या एका बाईंनी दिल्यावर काठावरची बरीच मतं फिरली. त्यांचा वाटा माझ्या शीटपेक्षा मोठा होता हे कबूल करतो. रोपं लावायची तर पार्किंगच्या टोकाला बिल्डरने टाकलेल्या राडारोड्याच्या पट्टीत, जिथे गवतसुद्धा धड येत नाही. कंपनीला कळवलं. त्यांचं उत्तर आलं की ती जागा फोटोसाठी योग्य नाही. विषय संपला. मग वर्गणी काढून १४० रोपं आणली, पाड्यावरच्या काकांनीच निवडली, दोन पावसाळ्यांनंतर ९० च्या वर आहेत.

'जसं आहे तसं' म्हणजे काही न करणं, असं मला आधी वाटायचं. ठाण्यात तसं नसतं. फेब्रुवारी ते मे वरून वणवा येतो, विडीचं थोटूक असो नाहीतर कुणी मुद्दाम लावलेला असो. मोठी झाडं त्यातून वाचतात पण सगळी पिल्लं जातात, आणि दरवर्षी पिल्लं गेली तर पन्नास वर्षांनी जंगल कुठून येणार. म्हणून जानेवारीत वरच्या बाजूला तीन मीटरची जाळरेषा काढतो, तेवढ्या पट्ट्यातली घाणेरी आणि गवत उपटतो, आतली घाणेरी मुद्दाम तशीच ठेवलीय. भाचीचं म्हणणं आहे की वर छत मिटलं की ती सावलीत आपोआप मागे हटेल. मला शंका आहे. उंदीरमारीवरून तर आमचं अजून भांडण चालू आहे, ती काढायची की नाही.

पहिल्याच मार्चमधे वणवा आला. रेषेवर बराचसा थांबला पण एका कोपऱ्यातून घुसला, तिथली कारवी आणि सागाची पंधरा-वीस पोरं गेली. वॉचमन आणि आम्ही चार-पाच जणांनी ओल्या फांद्यांनी झोडपून विझवला, माझ्या चपलेचा तळ वितळला. पन्नास हजारांचा लॉनमोवर घ्यायला तयार असलेल्या सोसायटीत त्यानंतर चार झोडपणी आणि दोन पाठीवरचे पंप घ्यायला तीन मीटिंग लागल्या.

वर्षाने परत मोजणी केली, तोच टेप, झाडावर पांढऱ्या रंगाने खूण केलेल्या तेवढ्याच उंचीवर. ऐनाचा घेर १६१.५. दीड सेंटीमीटर. मला वाटलं नगण्य, टेपचीच चूक असेल, म्हणून सेक्रेटरीने परत घेतला, तेवढाच. शीटमधे टाकलं तर वर्षभरात ६४ किलो कार्बन डायऑक्साइड. शेजारच्या त्या तरण्या झाडात मूळ मोजणीला जन्मभराचा साठा मिळून ४८ होता. भाची म्हणाली यात नवल काही नाही, २०१४ मधे ४०३ जातींच्या झाडांची मापं जमवून हेच दिसलं होतं, की बहुतेक जातींमधे झाड जितकं मोठं तितकं ते वर्षाला जास्त कार्बन भरतं.

सेक्रेटरी खाली उतरताना गप्प होता. पार्किंगमधे आल्यावर विचारलं, ६४ किलोचे लिटर किती? मी म्हटलं अठ्ठावीस. तो आपल्या गाडीच्या टाकीचं झाकण बघत म्हणाला, "परवाच फुल्ल केली. पस्तीस बसलं."